कॅमेरा श्रोत्यांकडे का वळतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. वेगळ्या वाटेने गेलेले जुने वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या बंदूकबाजांचे चित्रपट, आणि संगीतावरचे माहितीपट यांविषयीच्या माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. 'मकेब अँड मिसेस मिलर' हा मुळात वेस्टर्नच नाही, कारण त्यात ना धड नायक आहे ना धड द्वंद्व, आणि निम्मे संवाद ऐकूही येत नाहीत, हा पहिला. त्यातली गाणी चित्रपटासाठी रचली गेली हे माझे विधान चुकीचे आहे, हा दुसरा. 'माँटेरी पॉप' या संगीत महोत्सवावरच्या माहितीपटात पंडित रविशंकर वाजवत असताना कॅमेरा कितीतरी वेळ श्रोत्यांवर फिरत राहतो, त्याचे मी केलेले कौतुक हा कलावंताचा अवमान आहे, हा तिसरा.

दुसरा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. गायक-गीतकार लेनर्ड कोहेन यांची ती तिन्ही गाणी १९६७ सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतली आहेत आणि दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांनी ती चित्रीकरण झाल्यावर निवडली. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. १९७१ सालच्या या चित्रपटातले खाणकामगारांचे गाव कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चित्रीकरण चालू असतानाच उभे राहत गेले आणि ते बांधणारे सुतार कथेच्या काळातले कपडे घालून पडद्यावरही वावरले. छायालेखक व्हिल्मोश झिग्मोंड यांनी फिल्मला आधीच थोडा प्रकाश दाखवून रंग फिके केले, त्यामुळे सगळे दृश्य जुन्या, विटलेल्या छायाचित्रासारखे दिसते. नायक मकेब, एक जुगारी, पहिल्यांदा गुत्त्यात येतो, मग बाहेर घोड्यापाशी जाऊन एक कापड घेऊन येतो आणि पत्त्यांच्या डावासाठी ते टेबलावर अंथरतो. त्या वेळी आजूबाजूला चाललेले बोलणे एकमेकांत मिसळते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. परंतु परक्या गावातल्या गुत्त्यात नुकतेच पाऊल टाकलेल्या माणसाच्या कानावर बोलणे असेच तुटक पडणार, आणि प्रेक्षकही त्या गावात तितकाच नवखा असतो.

द्वंद्वाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. रूढ वेस्टर्नमध्ये दोन माणसे रस्त्यात समोरासमोर उभी राहतात आणि गाव खिडक्यांआडून पाहत असते. त्या पाहण्यामुळेच त्या झुंजीला मोठेपण येते. ऑल्टमन यांनी नेमके तेच काढून घेतले. दोरांच्या झुलत्या पुलावर मोजे विकत घ्यायला निघालेला एक कोवळा पोरगा भेटतो, मकेबला मारायला आलेल्या भाडोत्री मारेकऱ्यांपैकी एक जण बंदूक पाहण्याच्या बहाण्याने त्याला ती बाहेर काढायला लावतो आणि गोळी घालतो. ते प्रेत खालच्या गारठलेल्या पाण्यात पडते. मोज्यांसारखी क्षुल्लक गरज आणि तो मृत्यू यांच्यातले अंतर इतके कमी आहे की, मला ते दृश्य आजही सलग पाहवत नाही. शेवटी मकेब तीन मारेकऱ्यांना मारून स्वतः बर्फात संपतो, तेव्हा सारे गाव चर्चला लागलेली आग विझवण्यात गुंतलेले असते आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. वेस्टर्नचा साचा पुरता जाणणाऱ्या माणसालाच हा शेवट सुचू शकतो, असे मला मनापासून वाटते.

तिसऱ्या आक्षेपातही प्रश्न कोण कोणाकडे पाहते हाच आहे. दिग्दर्शक डी. ए. पेनिबेकर यांच्या साधारण सव्वा तासाच्या 'माँटेरी पॉप'मधली जवळजवळ १८ मिनिटे रविशंकर आणि तबलावादक अल्लारखाँ यांना मिळाली आहेत, तर बहुतेक इतर कलावंतांना एखाद-दुसरे गाणे. ही मैफल १९६७ सालच्या जूनमधल्या एका दुपारी झाली. त्याच रात्री मंचावर स्वतःची गिटार पेटवणारा रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स दुपारच्या श्रोत्यांत बसलेला दिसतो. पेनिबेकर यांनी मात्र दुपारची ही मैफल त्या जाळपोळीच्याही नंतर, चित्रपटाच्या अगदी शेवटी ठेवली. यात मला अवमान नव्हे, आदर दिसतो. आपल्याकडच्या बैठकीत समेवर कोणाची मान हलली याकडे गायकाचेही लक्ष असते. ऐकणारा हा मैफलीचाच भाग असतो.

तरीही आपल्या तक्रारीत तथ्य आहे, आणि त्याचे उदाहरण मीच देतो. १९५८ सालच्या अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जाझ महोत्सवावरच्या 'जाझ ऑन अ समर्स डे' या माहितीपटात जाझ पियानोवादक थेलोनियस मंक पियानो वाजवू लागतात आणि चित्र समुद्रातल्या शिडाच्या बोटींकडे निघून जाते. एवढेच नव्हे, तर वादनावर बोटींविषयीचे निवेदनही येऊन बसते. तिथे कॅमेरा ऐकणाऱ्यांकडे वळलेला नाही, त्याने स्वतःच ऐकणे सोडले आहे. मूळ लेखात मी या चित्रपटाची सरसकट स्तुती केली होती, ती मला आता मागे घ्यावीशी वाटते.

'माँटेरी पॉप'चा तो भाग आपण सवडीने पुन्हा पाहावा, ही विनंती. रविशंकर प्रत्यक्ष दिसण्यापूर्वीच डोळे मिटलेले, डुलणारे, नुसते थक्क झालेले चेहरे दिसत राहतात आणि सतार आपण त्यांच्या सोबतीने ऐकू लागतो. मग कॅमेरा मंचावर येतो आणि शेवटच्या द्रुत लयीत सतार आणि तबला एकमेकांना उत्तरे देऊ लागतात, तेव्हा तो त्या दोघांच्या हातांवरून आणि चेहऱ्यांवरून फारसा हलत नाही.

आपला स्नेहांकित