दोन म्हणजे ठरवूनच

"शेपू कुणाकडे आहे?"

परवा बुधवारी संध्याकाळी मेट्रो मंडईहून सुटली आणि बोगद्यात शिरते न शिरते तोच एका काकांनी हा प्रश्न सबंध डब्याला विचारला. शेपू माझ्याकडे होता. पण 'पाकीट कुणाचं पडलंय' असं विचारलं की चार हात वर होतात; 'शेपू कुणाकडे आहे' म्हटल्यावर आहेत ते हातसुद्धा माणूस ओढणीखाली घेतो. मी पिशवी पायांमागे सरकवली आणि दारावरच्या नकाशाकडे, जणू मला पिंपरीच गाठायची आहे, इतक्या एकाग्रतेने बघत राहिले.

काका सत्तरीचे असावेत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आभाळात ढगाचा पत्ता नसताना हातात छत्री. असे काका पुण्यात निवृत्त होत नाहीत. त्यांचं फक्त ऑफिस सुटतं, आणि मग सबंध शहर त्यांच्या हाताखाली येतं.

त्यांनी चौकशी रीतसर, उजव्या टोकापासून सुरू केली. पहिला कानात बोंडं घातलेला, च्युइंगम चघळणारा एक मुलगा होता. काकांनी छत्रीने त्याच्या बॅगेकडे निर्देश केला.

"काका, लॅपटॉप आहे."

"मग इतकी फुगलीय कशाने?"

"टिफिन आहे. रिकामा."

"काय होतं त्यात?"

"राजमा."

"हं." राजमा निर्दोष सुटला. पुढे मांडीवर फुलांची पुडी घेतलेली एक बाई. तिला विचारायचीही गरज पडली नाही. काकांनी दुरूनच नाक फुलवलं आणि जाहीर केलं, "निशिगंध. हा नव्हे." बाईंनी निर्दोष ठरल्याचा सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात सगळा डबाच माझ्याकडे पाहू लागला होता. माणसाला फितुरी किती चटकन जमते!

"तुमची पिशवी." यात प्रश्नचिन्ह नव्हतं.

"भाजी आहे."

"ते दिसतंय. कोणती?"

"कारली." खोटं नव्हतं. कारली वरच होती.

"आणि कारल्यांच्या खाली?"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि मुलांना याच सुरात दरडावलं. उलट्या बाजूने तो सूर ऐकायची सवय नसल्यामुळे असेल, मी खरं बोलून गेले. "शेपू."

"किती?"

आता हे त्यांना कशाला हवं होतं? पण उत्तर गेलंच तोंडातून. "दोन जुड्या."

"दोन!" काकांनी डब्याला साक्षीला घेतलं. "एक जुडी चुकून येते. नवे लोक बडीशेपेचा पाला म्हणूनही उचलतात. दोन म्हणजे ठरवूनच."

खरं तर ठरवून काही नव्हतं. मंडईच्या बाहेर पालेभाज्या घेऊन बसणाऱ्या मावशी दिवेलागणीला शेपूचं तोंड बघून कंटाळलेल्या असतात. "एक दहाला, दोन पंधराला, न्या ताई, कोण विचारीना याला." मेथी सकाळीच संपते, कोथिंबिरीवर उड्या पडतात, शेपू मात्र संध्याकाळपर्यंत ओल्या गोणपाटावर मान टाकून पडलेला असतो. 1886 साली ही मंडई उघडली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं, पुढे महात्मा फुल्यांचं मिळालं. शेपूची पत मात्र दोन्ही नावांखाली एवढीच राहिली असावी. मी गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले की मावशींच्या डोळ्यांत जे दिसतं ते प्रेम नाही, सुटका आहे.

"घरात कोण खातं?" काका.

"मी."

"मिस्टर?"

"नाही खात."

"मुलं?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसतं. माझ्या एकटीसाठी मी भाजी घेतली, एवढा साधा हिशेब त्यात बसतच नाही. काकांना वाटलं मी निरुत्तर झाले. मी संतापले होते, पण मेट्रोत संताप आणि गप्प बसणं सारखंच दिसतं.

कसबा पेठ आली आणि गेली. काका मोकळे झाल्यासारखे शेजारी येऊन बसले. आरोप सिद्ध झाला की वैर राहत नाही म्हणतात. मग त्यांनी हकीकत सांगितली. तरुणपणी ते सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायचे आणि मेसमध्ये जेवायचे. मेसच्या मालकीणबाईंचा बुधवार म्हणजे शेपूचा. "पहिल्या बुधवारी खाल्ला. गुरुवारी दुपारपर्यंत ढेकरा. पुढच्या बुधवारी मी उपास धरला."

"उपास?"

"बाई विचारायला लागल्या, बुधवारचा कोणाचा? म्हटलं, पांडुरंगाचा. बुधवार पांडुरंगाचा असतोच. बाईंनी पाया पडून पैसे घेतले नाहीत, वर खिचडी दिली. पुढे लग्न झालं, मेस सुटली. पण उपास कसा सोडणार? हिने माहेरी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, जावई पांडुरंगाचे आहेत म्हणून."

"म्हणजे अजून?"

"आज काय वार आहे?" काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सकाळपासून पोटात वाटीभर साबुदाणा आहे. आणि समोर तुम्ही, ह्या दोन घेऊन."

एखाद्या पालेभाजीने माणसाला आयुष्यभर वारकरी केल्याचं हे माझ्या ऐकण्यातलं पहिलंच उदाहरण. मला हसू येत होतं आणि त्यांचा रागही जात नव्हता. तेवढ्यात जिल्हा न्यायालय आलं. इथे गाडी बदलायची. खालचं स्टेशन जमिनीखाली 33 मीटर, वनाजची गाडी वर, पुलावर. मला वाटलं, काका सुटले. तर काकाही कोथरूडचेच. सरकत्या जिन्यांवर ते माझ्या चार पायऱ्या पुढे उभे राहिले आणि दर जिन्याच्या टोकाला मागे वळून बघत होते, वास अजून येतोय ना याची खात्री केल्यासारखे.

वरच्या गाडीत मी शेवटी तोंड उघडलं. म्हटलं, "काका, तुम्हाला लहानपणी ग्राइप वॉटर दिलं असेल ना? ते शेपूचंच. 1851 साली इंग्लंडात नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ते काढलं. शेपाचं तेल आणि खायचा सोडा." त्यात सुरुवातीला मद्यार्कही असायचा, म्हणजे बाळं नेमकी कशाने गप्प व्हायची हा वेगळा विषय, तो मी काढला नाही. "आणि बाळंतशेपा, म्हणजे याचंच बी? बाळ-बाळंतिणीला धुरी कशाची देतात? जन्माला आल्यावर तुम्हाला जगाचा पहिला वास आला तो कदाचित याचाच असेल."

"म्हणूनच रडलो असणार," काका म्हणाले. मग जरा विचार करून, "औषध आहे, मान्य. पण औषध चमच्याने घेतात, बाई. जुडीने नाही."

समोरच्या दोघी हसल्या. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, नेमकं सांगायचं तेच विसरले. बाळंतशेपांच्या वासात मोठा वाटा असतो कार्व्होन या द्रव्याचा. त्याच रेणूची आरशातली प्रतिमा पुदिन्यात असते. डावा हात आणि उजवा हात, एवढाच फरक. मघाचा तो मुलगा बहुतेक पुदिन्याचंच च्युइंगम चघळत, त्याचा वास डब्यात सोडत बसला होता; त्याची बॅग तपासली, तोंडाला कोणी काही म्हणालं नाही. हे सगळं सुचलं तेव्हा काका नळस्टॉपला उतरत होते. दारातून वळून म्हणाले, "पुढच्या वेळी ओल्या कागदात गुंडाळत चला. वास धरून ठेवतो."

मी गुंडाळणार नाही. शेपू कागदात सडला तरी चालेल.

नावडीला कधी कारण द्यावं लागत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. कोणी म्हणालं 'मला कारलं आवडत नाही' तर लोक मान डोलावतात. 'आवडतं' म्हटलं की बैठक बसते. कसं काय? कधीपासून? मधुमेह आहे का? कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण तोंडावर फेकतात. अहो, पण तुपात तळायला आणि साखरेत घोळायला सांगितलं कोणी? ते कडू आहे म्हणूनच तर खाते. पातळ चकत्या, मीठ लावून पिळून, तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत. पडवळाचंही तसंच. पडवळाची तर आता लोकांना ओळखही राहिली नाही. कॅन्टीनमध्ये ते पानात आलं तर मुलं हे काय म्हणून फोटो काढतील.

आमच्या शाळेत आनुवंशिकतेच्या पाठाला मी पीटीसी नावाच्या रसायनाची पूड लावलेल्या कागदाच्या पट्ट्या चाटायला द्यायचे. 1931 साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनज्ञाच्या हातून ही पूड प्रयोगशाळेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, केवढं हे कडू! फॉक्सला कसलीच चव लागेना. दोघं एकाच खोलीत, एकाच धुळीत, आणि वाद घालताहेत. पुढे कळलं की ही चव लागणं न लागणं रक्तातूनच येतं. वर्गातही तेच व्हायचं. काही पोरं थुंकायला नळाकडे पळायची, काही पट्टी कागदासारखी चघळत म्हणायची, "बाई, कुठंय चव?" आणि दोन्ही बाजूंची खात्री असायची की समोरचा नाटक करतोय. पण निदान तिथे दोन बाजू तरी असायच्या. घरी मी एकटी असते.

घरात पूर्वी सासूबाई होत्या. आमचं आयुष्यात फार थोड्या गोष्टींवर एकमत झालं. शेपू ही त्यातली एक. दुसरी आत्ता आठवत नाही. भिजवलेली मूगडाळ, ठेचलेल्या लसणाची सढळ फोडणी, हिरवी मिरची, ज्वारीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. बाकीची मंडळी कामाला गेली की आम्ही दोघी स्वयंपाकघराचं दार लावून जेवायचो आणि मग खिडक्या उघडायचो. त्या तासाभरात कोणी कोणाला टोमणा मारल्याचं स्मरत नाही. त्या गेल्यावर शेपू माझ्याकडे वर्षातून एकदाच उजळ माथ्याने शिजतो, गौरी येतात त्या दिवशी. कित्येक घरांत आवाहनाच्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो आणि आमच्याकडे ती भाजी शेपूचीच. माहेरवाशीण तीन दिवस येते, साक्षात देवी, आणि पहिल्या संध्याकाळी जेवते काय, तर शेपू. तिला 'मग?' विचारायची कोणाची छाती नाही. आमचे हे त्या दिवशी डोळे मिटून, हात जोडून एक घास घेतात.

आणि हे शेपूपुरतं असतं तर मी हसून सोडूनही दिलं असतं. माझी एक सहकारी रत्नागिरीकडची. पुण्यात भाड्याने घर शोधत होती तेव्हा भाड्याच्या आकड्याआधी विचारणा व्हायची, 'तुमच्याकडे खाण्याचं काय?' सुक्या बोंबलाचा वास म्हणे भिंतींत मुरतो. उदबत्तीचा मुरत नाही, हिंगाचा मुरत नाही. एका घरमालकांनी तर तिला समजावून सांगितलं, "आमचं काही नाही हो, शेजारच्यांच्या नाकाचा प्रश्न आहे." शेपूवालीला हसून सोडतात, सुकटवालीला किल्ली देत नाहीत. तिने शेवटी घेतलं ते घर शाळेपासून तासाभरावर, आणि तिथे बोंबील भाजते की नाही, हे विचारायची मला लाज वाटते.

असो. तर बुधवारी घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, निदान माझी बाजू घेऊन चिडतील. हे म्हणाले, "पण माणूस चुकीचं काय बोलला?" आणि मग, "आज काय आहे जेवायला?"

"शेपू."

"आणि आमच्यासाठी?"

"कारली."

ह्यांनी आणि चिरंजीवांनी एकमेकांकडे पाहिलं आणि फोन काढला. अर्ध्या तासात पनीर बटर मसाला आला. पनीर मला अजिबात आवडत नाही. चव नसलेला रबर तो. पण लग्नात, वाढदिवसाला, बारशाला, सगळीकडे तोच, आणि 'पनीर नको' म्हटलं की यजमानीणबाई रडवेल्या होतात. मी आजवर कोणाला 'पनीर कसं काय खाता' म्हणून विचारलेलं नाही. उरलेलं पनीर चिरंजीवांनी न झाकता फ्रिजमध्ये ठेवून दिलं. काल सकाळी दुधाला त्या मसाल्याचा वास लागला होता, चहालाही लागला. दोघांनीही तो मुकाट्याने प्यायला.