पत्ता इनव्हॅलिड आहे म्हणे

नवी मुंबईकराला आपल्या पत्त्याचा गर्व असतो आणि तो असायलाच हवा. ठाण्यात पाहुण्याला 'अमक्या देवळाच्या मागे, तमक्या डेअरीच्या वर' असं सांगत बसावं लागतं, आमच्याकडे 1970 साली सिडको, म्हणजे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि तिने सगळं आखूनच दिलं. नोड, सेक्टर, टाइप, बिल्डिंग, रूम, नुसते आकडे. कॉम्प्युटरला जीव लावावासा वाटेल असा पत्ता जगात कुठला असेल तर तो आमचाच, आणि नेमका तोच त्याला चालत नाही!

परवा पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग बुक करायची होती. फोन कोणी उचलेना, वेबसाइटवर फॉर्म भरा म्हणे. मी नेरूळचा, सिडकोच्या एनएल टाइपच्या घरातला, त्यामुळे एनएल, मग डॅश, मग बिल्डिंग स्लॅश रूम असं टाकलं तर खाली लाल अक्षरात 'स्पेशल कॅरेक्टर्स नॉट अलाउड'. आता स्लॅशमध्ये स्पेशल काय आहे? तो काढला की 12/3 चं होतं 123, आणि 123 नंबरची बिल्डिंग शोधत तो पोरगा पाम बीच रोडला लागणार. वाशी-बेलापूरकडच्या जुन्या सिडकोवाल्यांचे तर आणखी हाल, त्यांच्यातल्या काहींच्या पत्त्यात विसर्गासारखा कोलन असतो, 1:3 म्हणजे पहिला मजला रूम तीन, आणि तळमजलावाला बिचारा 0:3.

बरं, काढला स्लॅश. तर पुढे 'स्ट्रीट नेम', कंपल्सरी. आमच्या बिल्डिंगसमोरच्या रस्त्याला नाव असेलही, पण ते बोर्ड लावून गेलेल्या नगरसेवकालाच माहीत. लँडमार्कला मात्र जागा नाही, म्हणजे ज्याच्यावर अख्खा देश घर शोधतो तेवढंच विचारायचं नाही. मी रस्त्याचं नाव आठवत बसलो तेव्हा बायको वैतागून म्हणाली, "अहो टाका काहीतरी," आणि तिनेच इंग्रजीत 'एबीसी एबीसी' टाइप केलं. लगेच हिरवी टिक!

मग पिनकोड. तो टाकला की जिल्हा आपोआप ठाणे येतो, ते बरोबरच आहे, नेरूळ ठाणे जिल्ह्यातच. पण ठाणे जिल्ह्याच्या यादीत नवी मुंबई हे शहरच नाही, ते कुणीतरी नेऊन मुंबईखाली ठेवलेलं, त्यामुळे शहर निवडलं की जिल्हा उडतो आणि जिल्हा निवडला की शहर. खारघरच्या मेहुणीला तर हे फॉर्म कायमचे छळतात, ती सगळीकडे नवी मुंबई लिहिते, जिल्हा रायगड आणि पिनकोड 410210, म्हणून 'पिनकोड आणि शहर जुळत नाही'. आता 410 वर तर पुणे जिल्ह्यातलं लोणावळाही येतं. पिनकोड जिल्ह्यासाठी नाहीच मुळी, टपालाची थैली कुठल्या पोस्टात टाकायची एवढ्यासाठी तो आहे. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हा मराठी माणूस होता, संस्कृतात कविता करणारा! एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्यांमधली पत्रं, यात टपालवाल्यांची सुटका व्हावी म्हणून त्याने सहा आकडे दिले आणि आपण त्यांचं हे करून ठेवलं.

भाचा ऐरोलीला आयटी पार्कात असलेच फॉर्म बनवतो. रविवारी जेवायला आला तेव्हा त्याला धरला.

"अरे मामा, ते हॅकर लोकांसाठी असतं. पत्त्याच्या जागी कुणी डेटाबेसची कमांड लिहिली तर?"

"मग स्लॅशने काय घोडं मारलंय?"

"काहीच नाही. खरं तर क्वेरी नीट लिहिली, म्हणजे तू टाकलेला मजकूर कमांडपासून वेगळा पाठवला, की काहीच बॅन करावं लागत नाही. पण रेजेक्स, म्हणजे कुठली अक्षरं चालतील ते ठरवणारा नियम, जुन्या प्रोजेक्टवरून उचललेला असतो आणि तो प्रोजेक्ट असतो अमेरिकेचा."

हां, म्हणजे स्ट्रीट नेम तिथून आलंय तर. पिनकोडचं विचारलं तर म्हणाला बहुतेक फॉर्म फक्त पहिला आकडा शून्य नाही ना आणि पुढे पाच आकडे आहेत ना एवढंच बघतात, पोस्ट खात्याची यादी जोडलेली नसेल तर 999999 सुद्धा आरामात पास. मला तेवढं पटलं, घाईत पाचच आकडे पडले तर कळायला हवं. पण बाकीच्यासाठी एक मोठ्ठा चौकोन द्या ना राव, आम्ही लिहू आम्हाला हवं ते, शेवटी वाचणारा माणूसच आहे. फिल्टरवाला पोरगा आला तेव्हा त्यानेही पत्ता वाचला नव्हताच, सेक्टरच्या नाक्यावरून फोन केला, "काका, लोकेशन टाका."

तेवढ्यात मला आठवलं, भाच्याचं ऑफिस टीटीसी इंडस्ट्रियल एरियात, प्लॉट नंबरमध्येच दोन स्लॅश. म्हटलं, "तुमचा पत्ता तरी तुमच्या फॉर्ममध्ये बसतो का रे?"

"नाही ना," तो आमटी भुरकत म्हणाला, "म्हणून तर टेस्टिंगला आम्ही सगळे एबीसी एबीसी टाकतो."