लेकरांना हॉलमध्ये बसवा म्हणे

नगरहून आईचा फोन इकडे इंग्लंडात आला. तिथल्या आमच्या चर्चच्या मंडळीत ठराव यायचाय: सात वर्षांखालच्या लेकरांना उपासनेच्या वेळी शेजारच्या हॉलमध्ये बसवायचं, कारण त्यांच्या किलबिलाटात भक्तिभाव राहत नाही. संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर दादाचं, म्हणजे थोरल्या चुलत भावाचं, लांबलचक लिखाण आलं. दादा चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीवर आहे. त्याचं म्हणणं असं की लेकरं झाली की जोडप्यांची प्रार्थना सुटते, उपदेश चालू असताना तरुण आईबाप बाहेर चकरा मारत असतात, त्यांचं मन देवाकडे लागावं म्हणून ही सोय. मी दोन ओळींत विरोध कळवला. लगेच उत्तर आलं, 'तुमच्याकडे चर्चं ओस पडलीत, आणि तू आम्हाला शिकवतोस?'

तीन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

शेफिल्डमधलं आमचं चर्च भरत नाही, हे खरं. रविवारी दहाच्या उपासनेला चाळीसेक माणसं, त्यांतली निम्मी सत्तरीपुढची. बस स्टॉपसमोरच्या चर्चचे तर फ्लॅट झाले. पण आमच्याकडे वेदीच्या डाव्या हाताला एक गालिचा अंथरलेला असतो, त्यावर लाकडी ठोकळे आणि नोहाचं तारू. प्रभुभोजनाच्या ऐन वेळी ठोकळ्यांचा मनोरा कोसळला तरी पाळकबाई थांबत नाहीत. उपासनेनंतर कॉफी द्यायची पाळी सांभाळणाऱ्या एक आजी आमच्या लेकीला मांडीवर घेऊन अख्खा उपदेश ऐकतात. आणि नगरात? पाच-सहा वर्षांचा असताना उपासनेत हसलो म्हणून एका वडीलधाऱ्यांनी मला कान धरून बाहेर काढलं होतं. पायरी उन्हाने तापलेली होती. आत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं गायन, म्हणजे भक्तिगीत, सुरू झालं. ते मला तोंडपाठ होतं, म्हणून मी पायरीवर बसून शेवटच्या कडव्यापर्यंत गायलो.

दादाला मंडळीच्या इतिहासाचा अभिमान आहे. मलाही आहे. मग त्यानेच आठवून बघावं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1831 मध्ये नगरात आली आणि त्यांनी शाळा काढल्या. त्याच मिशनच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा बघून जोतिराव फुले पुण्याला परतले आणि 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. आमच्या पणजीला अक्षरओळख मिशनच्या बोर्डिंगात झाली. घरात पवित्र शास्त्र सगळ्यांत आधी तिने वाचलं, तेही परकरातली पोर असताना. ज्या मंडळीचा पाया लेकरांच्या पाटीवर घातला गेला, तिने लेकरांना भिंतीपलीकडे बसवायचं? येशूच्या शिष्यांनीही हेच केलं होतं. लेकरं घेऊन आलेल्यांना त्यांनी दटावलं, आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात लिहिलंय की ते पाहून येशूला राग आला.

पण 'लेकरं झाली की प्रार्थना सुटते' याचं उत्तर मला ग्रुपवर देता आलं नाही. कारण ते द्यायचं तर आधी एक कबुली द्यावी लागते.

माझी प्रार्थना लेक व्हायच्या कितीतरी आधी सुटली होती. इंग्लंडात आल्यावर पहिली चार वर्षं मी रविवार झोपून काढले. आई फोनवर विचारायची, 'उपासनेला गेला होतास का रे?' मी हो म्हणायचो. मग लेक झाली, एकतिसाव्या आठवड्यात. दीड किलोही नव्हती. इन्क्युबेटरच्या काचेच्या पेटीला गोल झडपा असतात, कोपरापर्यंत हात धुऊन तिथून आत घालायचे. नर्सने सांगितलं होतं, कुरवाळू नका, तळहात नुसता ठेवा, हलवू नका. रात्री तीन वाजता मी एक तळहात तिच्या डोक्यावर आणि एक तळपायांपाशी ठेवून उभा असायचो. मध्येच ती श्वास घ्यायचं विसरायची. मशीन ओरडायचं, नर्स येऊन तिच्या पायाला हळूच बोट लावायची, की छाती पुन्हा हलू लागायची.

मला देवाशी बोलायचं होतं आणि शब्दच नव्हते. आले ते आईने घोकून घेतलेले, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' 'तुझे राज्य येवो' इथवर आलो. पुढे 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणवेना. त्याची इच्छा वेगळीच असली तर? ती ओळ गाळून मी एकदम रोजची भाकर मागण्याच्या पुढच्या ओळीवर गेलो. तेवीस दिवस गाळली. आयुष्यात देवाशी इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो.

'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' संडे स्कूलमध्ये हे वचन पाठ करून मी कंपासपेटी जिंकली होती. आजारी लेकराच्या बापाने ओरडून मारलेली ती हाक आहे, हे मला लेकीच्या काचेच्या पेटीपाशी उभं राहून कळलं.

आता ती सहा वर्षांची आहे. प्रार्थनेला निवांतपणा लागतो, असं मी समजायचो. हल्ली माझी प्रार्थना तिचे बूट शोधताना होते, तापात थर्मामीटर बघताना होते. रात्री ती पांघरुणात बसून रोज तीच यादी देवापुढे मांडते, आजीचे गुडघे, शेजारचं मांजर, शाळेतला रडणारा मुलगा, आणि मला म्हणते, 'पप्पा, आता तू.' तिच्या मागण्याचा मला एकदाही कंटाळा आलेला नाही. माझ्या मागण्याचा देवाला कंटाळा येत असेल, ही भीती तेव्हापासून गेली.

दादाला एक मात्र मान्य करायला हवं. ती प्रार्थना इंग्रजीत करते. 'भाकर म्हणजे काय?' असं तिने विचारलं, तेव्हा मी ब्रेड म्हणालो आणि मला कसंनुसं झालं. आईच्या तव्यावर फुगलेली बाजरीची भाकर तिच्या त्या ओळीत नाहीच. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर मी इंग्रजीत म्हणतो, पण भाकरीच्या ओळीपाशी आलो की मनातल्या मनात मराठीत म्हणून घेतो आणि सगळ्यांच्या मागे पडतो. कॉफीच्या वेळी मला अजून कुणीतरी विचारतं, घरी कधी जाणार? नगरात पहिल्याच रविवारी विचारतात, परत कधी जाणार?

म्हणून त्या ठरावाने मला एवढं लागलं असेल. टिळकांची गायनं लेकीच्या कानावर पडायला वर्षाचे तीन रविवार मिळतात, तेही सुट्टीत नगरला आलो तर. त्या तिन्ही रविवारी ती भिंतीपलीकडे चित्रं रंगवत बसणार?

डिसेंबरात आम्ही येतोय. ठराव मंजूर झाला तरी मी तिला हॉलमध्ये पाठवणार नाही. आत बसू दिलं नाही तर आम्ही दोघं पायरीवर बसू. गायन तिथवर ऐकू येतं.