ब्रिटनहून आलेले कुटुंबही स्थलांतरितच असते

इंग्लंडमधून अमेरिकेत येणाऱ्या कुटुंबाला इथे रुळायला काहीच कष्ट पडत नाहीत, असे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींतले अनेक जण ठामपणे सांगतात. भाषा तीच, वर्ण बहुतेकांचा तोच, मग अडचण ती काय असणार, असा त्यामागचा विचार असतो. नॉर्थ कॅरोलिनातील कॅरी येथे आमच्या शेजारी गेल्या उन्हाळ्यात लीड्सहून एक कुटुंब राहायला आले. त्यांचे दिवस जवळून पाहिल्यावर मला हा विचार अजिबात मान्य होत नाही. स्थलांतरातला सर्वांत जड भाग कागदपत्रांचा आणि अनोळखी व्यवस्थांचा असतो, आणि तो त्यांच्याही वाट्याला येतो. उलट त्यांना स्थलांतरित मानायलाच कोणी तयार नसल्यामुळे त्यांच्या मदतीला जाण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

त्या पतीपत्नींनी लीड्समधील घराच्या कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षे वेळेवर भरले होते, पण त्याची नोंद अटलांटिक ओलांडून येत नाही. इथे ३०० ते ८५० या पट्टीवर मोजला जाणारा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची पत दाखवणारा आकडा, तयार होण्यासाठी आधी इथलाच व्यवहारांचा इतिहास लागतो, आणि तो नसल्यामुळे त्यांना भाड्याच्या घरासाठी जास्त अनामत रक्कम द्यावी लागली, गाडीचे कर्ज चढ्या व्याजाने घ्यावे लागले आणि पहिले क्रेडिट कार्ड बँकेत ठेव ठेवून मिळवावे लागले. वाहन परवान्याचेही तसेच झाले. या राज्यात राहायला आल्यावर साठ दिवसांत इथला परवाना काढावा लागतो, आणि ब्रिटिश परवाना दाखवून तो बदलून मिळत नाही. उभे आयुष्य रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवलेल्या माणसाला लाल दिव्यावर थांबून, रस्ता मोकळा पाहून उजवीकडे वळण्याची मुभा अंगवळणी पाडायला वेळ लागतो. घरात वीज १२० व्होल्टची असल्यामुळे तिकडून आणलेली २३० व्होल्टची किटली कपाटात गेली आणि इथल्या कमी वॅटच्या किटलीत चहाचे पाणी उकळायला जवळजवळ दुप्पट वेळ लागू लागला. ही बाब लहान आहे, पण परक्या घरात पहिल्या महिन्यांत माणूस अशाच लहान बाबींनी थकतो.

खरी ओढाताण झाली ती वैद्यकीय उपचारांच्या बाबतीत, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. त्या घरातील गृहिणी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत परिचारिका होत्या. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या त्या सेवेत रुग्णाकडून उपचाराच्या वेळी पैसे घेतले जात नाहीत, आणि त्याच संस्कारात त्यांची नोकरी झाली होती. इथे त्यांच्या मुलाचा हात मोडला, तेव्हा उपचार उत्तम झाले. मात्र नंतर रुग्णालयाचे, डॉक्टरांचे आणि क्ष-किरण तपासणीचे अशी वेगवेगळी बिले वेगवेगळ्या दिवशी येत राहिली, आणि ‘हे बिल नाही’ असे ठळक छापलेली विमा कंपनीची पत्रेही त्यांच्यात मिसळली. डिडक्टिबल (विमा कंपनी खर्च उचलू लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम) म्हणजे काय, कोणते डॉक्टर विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांच्या यादीत, येतात, कोणते बिल भरण्यापूर्वी थांबून फोन करावा, हे आयुष्यभर रुग्णसेवा केलेल्या बाईंना समजेना, याचे मला फार वाईट वाटले. भाषा एक असणे इथे कोणत्या कामाला आले?

शाळेत बंदूकधारी शिरल्यास दारे बंद करून लपण्याचा जो लॉकडाऊनचा सराव होतो, त्याने ते दोघे आतून हलले. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे मार्च १९९६ मध्ये शाळेत सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्यानंतर ब्रिटनने पुढच्याच वर्षी खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. त्या देशातून आलेल्या आईला आपले मूल दिवे बंद केलेल्या वर्गात गप्प बसण्याचा सराव करते हे कळल्यावर काय वाटले असेल, हे आपण पालक म्हणून समजून घ्यायला हवे. आपल्याला त्या सरावाची सवय झाली आहे, आणि मला त्या सवयीचीच अधिक काळजी वाटते.

काही बाबतींत त्यांची वाट आपल्यापेक्षा सोपी आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पती कंपनीच्या बदलीवर एल-१ व्हिसाने आल्यामुळे पत्नीला वेगळा परवाना न काढता काम करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून सरकारने हे मान्य केले आहे. आपल्याकडील एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या कित्येक सुशिक्षित स्त्रिया मात्र पतीच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा पहिला मोठा टप्पा मंजूर होईपर्यंत घरी बसून असतात. एका देशाला सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे नाहीत, या मर्यादेची झळ भारतात जन्मलेल्यांना बसते, ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांना सहसा नाही. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा, म्हणजे निवृत्तिवेतनासाठीची कपात दोन्ही देशांत दुहेरी होऊ नये यासाठीचा, करार १९८५ पासून लागू आहे, अमेरिकेचा भारताशी असा करार अजून नाही. या अन्यायाचा राग मलाही येतो, पण तो धोरणावर यावा, शेजारच्या घरावर नव्हे. शिवाय काम करण्याचा हक्क मिळूनही शेजारच्या बाईंना परिचारिका म्हणून उभे राहण्यासाठी इथली परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागणारच आहे.

आपल्याजवळ एक गोष्ट अशी आहे जी त्यांच्याजवळ नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळ ही मराठी मंडळांची संघटना १९८१ पासून या खंडात काम करीत आहे, गावोगावी मराठी मंडळे आहेत, आणि नवे कुटुंब उतरण्यापूर्वीच कोणी तरी वहिनी फोनवर पहिले कार्ड कोणते घ्यावे, मुलांचा डॉक्टर कोण, हे सांगून मोकळ्या होतात. ब्रिटिश कुटुंबे सगळीकडे विखुरलेली असल्यामुळे असा हक्काचा फोन त्यांना सहसा येत नाही. नव्याने आलेल्यांसाठी आपण मंडळात जी माहिती सांगतो, तिच्यातील विमा, क्रेडिट, परवाना आणि शाळाप्रवेश यांविषयीचा भाग इंग्रजीत लिहून काढावा आणि तो आपल्या वस्तीतील प्रत्येक नव्या कुटुंबाला, ते कोणत्याही देशातून आलेले असो, द्यावा, असा प्रस्ताव मी आमच्या मंडळासमोर मांडणार आहे. विम्याची बिले वाचण्याचा भाग आधी तयार करावा, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी शेजारच्या बाईंनी आपली सर्व कागदपत्रे नमुना म्हणून वापरायला आनंदाने संमती दिली आहे.