बाँडसाहेबांचा फर्स्ट क्लास

'जेम्स बाँडला दहा-बारा भाषा अस्खलित येतात, केंब्रिजला पौर्वात्य भाषांत तो पहिला आला होता,' ही पोस्ट पुन्हा फिरतेय. माझ्याकडेच तीनदा आली.

केंब्रिजचा उल्लेख खरा आहे, 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६७) या चित्रपटात. जपानला निघालेल्या बाँडला त्याच्या साहेबांची सेक्रेटरी मनीपेनी झटपट जपानीचं पुस्तक देते. तो ते तिच्याकडे परत भिरकावतो आणि आपल्या फर्स्ट क्लासची आठवण करून देतो. (फर्स्ट क्लास, पहिला नंबर नव्हे.) पुढे जपानी गुप्तहेर खात्याचा प्रमुख टायगर टानाका याच्याशी बोलणं मात्र इंग्रजीतच. तिथे त्याला दाद मिळते ती साके (जपानी तांदळाची दारू) किती गरम हवी हे ठाऊक असल्याबद्दल!

इयान फ्लेमिंगची मूळ कादंबरी (१९६४) याहून मजेशीर. तिथे बाँडला जपानी येत नाही. मग टानाका त्याला जपानी खाणकामगाराचं सोंग देतो आणि वर मुका-बहिरा ठरवून टाकतो. तोंड उघडायची भानगडच नको. याच कादंबरीत बाँड मेला असं समजून त्याचा मृत्युलेख छापला जातो. त्यात ईटन आणि फेट्स या शाळा आहेत, केंब्रिजचं नावसुद्धा नाही. भाषा दोनच, फ्रेंच आणि जर्मन, त्याही बालपणीचं शिक्षण परदेशात झालं म्हणून. 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह' या कादंबरीत सोव्हिएत हेरखात्याने बाँडवर ठेवलेल्या फाइलीतही याच दोन.

बरं, चित्रपटातली डॅनिश तरी? 'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७) मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापिकेकडे त्याची डॅनिशची शिकवणी चालू असते, तीही पलंगावर. त्याच चित्रपटात पुढे चिनी गुप्तहेर वाय लिनच्या अड्ड्यावर चिनी अक्षरांचा कीबोर्ड समोर येतो आणि साहेब गपचूप बाजूला होतात. काम तिलाच करावं लागतं. कुणी म्हणेल, पौर्वात्य भाषा म्हणजे अरबी-फारसी असेल. असेल बुवा. मग जपानीचं पुस्तक का भिरकावलं?

राहिला मुद्दा 'तो कुठल्याही देशात सहज वावरतो' हा. अधूनमधून परक्या भाषेतली चार वाक्यं टाकतो, नाही असं नाही. पण वावरतो तो समोरच्याला इंग्रजी येतं म्हणून. 'ऑक्टोपसी' (१९८३) मध्ये तो आपल्याकडे येतो, उदयपूरला. तिथल्या साथीदाराशी, म्हणजे टेनिसपटू विजय अमृतराजशी, इंग्रजी ठीकच. पण रानात जीव मुठीत धरून पळताना पुढ्यात वाघ येतो, तेव्हाही हा हात उगारून म्हणतो, "सिट!"

आणि वाघ बसतो.