खर्च नेमका कोणाच्या वहीत पडतो?

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालाच्या जोडीने आता ‘शाश्वतता अहवाल’ही प्रसिद्ध होतो. असे अहवाल हाती आले की मी आधी तळटिपा पाहतो, कारण मुखपृष्ठावरच्या हिरव्या पानांपेक्षा त्या अधिक खरे बोलतात. ‘प्रति टन उत्पादनामागे उत्सर्जन २० टक्क्यांनी घटवले’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. त्याच काळात उत्पादन ५० टक्क्यांनी वाढले असेल, तर एकूण उत्सर्जन २० टक्क्यांनी वाढलेले असते. वाक्यात खोटे काहीच नाही. वातावरणाला मात्र प्रति टन हिशेब कळत नाही. आधारवर्षाचेही तसेच आहे. ज्या वर्षी उत्सर्जन सर्वाधिक होते, नेमके तेच तुलनेसाठी निवडले की पुढची सगळी वर्षे गुणी दिसू लागतात. शिवाय हरितगृह वायूंच्या रूढ हिशेबपद्धतीत उत्सर्जनाचे तीन कप्पे मानले जातात: कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यांतून निघणारे, विकत घेतलेल्या विजेमागचे, आणि पुरवठादारांपासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचे बाकी सगळे. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीचे बहुतांश उत्सर्जन तिसऱ्या कप्प्यात येते, कारण इंधन जळते ते मोटार विकली गेल्यानंतर. त्यामुळे पहिल्या दोन कप्प्यांपुरते मोठे लक्ष्य जाहीर करायला फारसे काही पणाला लावावे लागत नाही.

हे लिहिण्यामागे कंपन्यांना सरसकट लबाड ठरवण्याचा हेतू नाही. व्यवस्थापकाची बढती आणि बोनस उत्पादन, खर्च व नफा यांवर ठरत असतील, तर तो त्याच आकड्यांकडे पाहणार. त्याच्या जागी आपणही तेच केले असते. माझे म्हणणे एवढेच आहे की पर्यावरणाच्या हानीचा खर्च जोवर निर्णय घेणाऱ्याच्या वहीत पडत नाही, तोवर ऐच्छिक संकल्पांवर विसंबणारे धोरण दुबळेच राहते. हा विचार नवा नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच अशा खर्चावर कर लावण्याचा सिद्धान्त मांडला होता आणि १९७२ मध्ये प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) ‘जो प्रदूषण करील तोच भरपाई करील’ हे तत्त्व स्वीकारले. तत्त्वाला आज कोणी उघड विरोध करत नाही. घोडे अडते ते नियमाच्या रचनेत, आणि म्हणून रचनेविषयीच थोडे सविस्तर लिहितो.

स्वीडनने १९९२ मध्ये मोठ्या बॉयलरांतून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साईड या हवा दूषित करणाऱ्या वायूवर किलोमागे ४० क्रोनर (स्वीडनचे चलन) असे चांगलेच जड शुल्क लावले. उद्योगांची नेहमीची तक्रार असते की अशा शुल्काने आम्ही बाहेरच्या स्पर्धेत मागे पडू. त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. जमा झालेली जवळपास सगळी रक्कम त्याच कारखान्यांना परत दिली जाते, मात्र परतीचे माप वेगळे असते: ज्याने जितकी उपयुक्त ऊर्जा निर्माण केली, त्या प्रमाणात त्याला पैसे मिळतात. म्हणजे सरासरीपेक्षा स्वच्छ चालणाऱ्या कारखान्याला वर्षअखेर फायदा होतो आणि घाणेरड्या कारखान्याच्या खिशातून तो भरला जातो. सरकारी तिजोरीत फारसे काही उरत नसल्यामुळे ‘पर्यावरणाच्या नावाखाली वसुली’ असा आरोपही चिकटत नाही. शुल्क ठरवण्यासाठी धुराड्यात सतत मोजणी करणारी उपकरणे बसवावी लागली आणि ती महाग असल्याने सुरुवातीला फक्त मोठे बॉयलर या नियमाखाली आले.

खरी गंमत पुढेच आहे. मोजणीचा आकडा समोर दिसू लागल्यावर बॉयलर चालवणाऱ्यांच्या लक्षात आले की ज्वलनाच्या हवेचे प्रमाण आणि तापमान नीट जुळवले, तर नवी यंत्रसामग्री न घेताही उत्सर्जन बरेच खाली येते. ही युक्ती त्यांना कोणत्याही कायद्याने सांगितली नव्हती. किलोमागे ४० क्रोनर वाचतात म्हटल्यावर ती शोधावीशी वाटली. पुढच्या १५ वर्षांत ऊर्जेच्या प्रति एकक उत्सर्जनाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. या पद्धतीची मर्यादाही आहे. पैसे परत मिळत असल्याने ऊर्जेचा एकूण वापर कमी करण्याची प्रेरणा तिच्यात फारशी नाही, म्हणजे वर ज्या ‘प्रति टन’ हिशेबाला मी नावे ठेवली, त्याच्या जवळ जाणारा दोष इथेही आहे. कार्बन डायऑक्साईडसाठी स्वीडनने १९९१ पासून सरळ कर लावला, ज्यात अशी परतफेड नाही. टनामागे सुमारे २५० क्रोनरपासून सुरू झालेला हा कर टप्प्याटप्प्याने १,१०० क्रोनरच्या वर गेला. पुढे दर चढत जाणार हे दिसत असेल, तर आज घेतलेला बॉयलर २० वर्षे परवडेल का, हा प्रश्न खरेदीच्या बैठकीतच विचारला जातो, आणि माझ्या मते नियमाचे खरे काम तिथेच होते.

रचना चुकली तर काय होते, हे युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापाराने दाखवून दिले. त्यात कारखान्यांना ठरावीक टन उत्सर्जनाचे परवाने मिळतात आणि ते विकता किंवा विकत घेता येतात. २००५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा हे परवाने गरजेपेक्षा जास्त आणि बहुतांशी फुकट वाटले गेले. पहिल्या टप्प्यातले परवाने पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवण्याचीही सोय नव्हती. परिणामी २००७ मध्ये त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आली. पुढे नियम कडक झाले, किंमत सावरली, पण दरम्यानची काही वर्षे हातची गेली.

करापेक्षा वेगळा मार्ग म्हणजे वस्तूच्या शेवटाची जबाबदारी तिच्या उत्पादकावर टाकणे. जर्मनीने १९९१ च्या नियमाने वेष्टनाचा कचरा परत घेण्याचे बंधन उत्पादक आणि विक्रेत्यांवर घातले. त्याचे महत्त्व समजून घ्यायचे असेल, तर एकदा वापरून फेकायचे एखादे छोटे पाकीट कापून पाहावे. बाहेर छपाईचा प्लास्टिकचा थर, मध्ये ॲल्युमिनियमचा किंवा धातूचा मुलामा दिलेला पातळ पापुद्रा, आत चिकटून बंद होणारे दुसरे प्लास्टिक, आणि हे सगळे एकमेकांना पक्के डकवलेले. ओल, हवा, उजेड अडवण्यासाठी ही रचना उत्तम आहे. थर वेगळे करणे मात्र इतके खर्चिक पडते की कचरा वेचणारी व्यक्तीही ते पाकीट उचलत नाही, कारण त्याला भाव नाही. ते असे असावे हे आरेखन करणाऱ्याने ठरवले, त्याचा निस्तार मात्र नगरपालिका, नदी आणि समुद्र यांच्याकडे आला. अशा वेष्टनावर उत्पादकाने भरायचे शुल्क पुनर्वापराच्या सोयीनुसार कमी-जास्त ठेवले, तर एकाच प्लास्टिकचे पाकीट बनवण्याचा विचार आरेखनाच्या टेबलावर होतो. शुल्क सरसकट वजनावर ठेवले तर उलटेच घडते: ही हलकी, बहुस्तरीय पाकिटे स्वस्त पडतात आणि जड पण पुन्हा वापरता येणारी बाटली महाग ठरते.

नियमांशिवाय उद्योग काहीच करत नाहीत असे नाही. डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे तेलशुद्धीकरण कारखाना, वीजकेंद्र, औषधनिर्मिती उद्योग आणि जिप्समच्या भिंतफळ्या बनवणारा कारखाना यांनी अनेक दशकांत एकमेकांत नळांचे जाळे विणले. सुरुवात झाली ती भूजल वाचवण्यासाठी तळ्याचे पाणी आणण्याच्या गरजेतून. १९७२ मध्ये शुद्धीकरणातला जादा वायू भिंतफळ्यांच्या कारखान्याला मिळू लागला, पुढे वीजकेंद्राची वाफ शेजाऱ्यांकडे गेली. हे सारे आपापसांतल्या करारांतून झाले. तरी तिथेही एक तपशील सुटू नये. वीजकेंद्राकडून भिंतफळ्यांसाठी जे जिप्सम जात असे, ते धुरातले गंधक काढून टाकताना तयार होत असे. गंधक मोकळे सोडू देणाऱ्या नियमांत हे जिप्सम कधी जन्मालाच आले नसते.

सरकारांनी स्वतःच्या वहीकडेही पाहायला हवे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात जीवाश्म इंधनांवर थेट अनुदानापोटी सुमारे १.३ लाख कोटी डॉलर खर्च झाले. हवेची हानी आणि तापमानवाढ यांचा न आकारलेला खर्च धरला, तर आकडा ७ लाख कोटींवर जातो. एका हाताने इंधन स्वस्त ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने ते कमी जाळल्याबद्दल बक्षीस वाटायचे, याला धोरण म्हणणे कठीण आहे. ही अनुदाने एका फटक्यात काढली तर चटका गरिबांना बसतो, हे खरे आहे; म्हणून बचतीतला मोठा वाटा रोख रकमेच्या रूपाने त्यांच्याकडे आधी पोहोचावा आणि भाववाढ त्यानंतर व्हावी, हा क्रम मला अत्यावश्यक वाटतो.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. मोठ्या कंपनीकडे अहवाल लिहायला स्वतंत्र विभाग असतो. तिला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यात ते काम मालक किंवा हिशेबनीस रात्री बसून करतो. तिसऱ्या कप्प्याचा हिशेब सक्तीचा झाला की प्रत्येक मोठा ग्राहक आपापली प्रश्नावली धाडतो, आणि एकाच भट्टीची माहिती वेगवेगळ्या मापांत पुन्हा पुन्हा भरावी लागते. यावर छोट्यांना पूर्ण सूट देणे मला पटत नाही, कारण मग मोठ्या कंपन्या घाणेरडी प्रक्रिया बाहेर देऊन मोकळ्या होतील. वीज, इंधन, पाणी आणि कचरा एवढ्याच नोंदींचा एकच सरकारमान्य नमुना असावा, तो सर्व ग्राहकांना बंधनकारक असावा, आणि मोजणीच्या उपकरणांचा खर्च माल विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीने उचलावा, कारण त्या आकड्यांच्या आधारे स्वतःचा अहवाल सजवणार आहे ती तीच.