जुनी भक्तिपुस्तकं संसारी माणसासाठी नाहीत? एका दाव्याचा प्रतिवाद

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ (लेंट) आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : जुनी कॅथलिक भक्तिपुस्तकं मठवासीयांनी मठवासीयांसाठी लिहिली. त्यांतले सद्गुण नोकरीधंदा आणि लेकरंबाळं असलेल्या माणसाला झेपत नाहीत. ती देह झिजवायला आणि अन्याय मुकाट सोसायला शिकवतात. शिवाय रोज तासभर मागतात, तो आणायचा कुठून?

नागपुरात हा मजकूर पुढे पाठवला जातो याचं जास्त वाईट वाटतं. सदरचं कॅथेड्रल, एसएफएस शाळा, सेमिनरी हिल्सचं कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या जिनीव्हाच्या बिशपने, संत फ्रान्सिस डी सेल्स यांनीच याचं उत्तर चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. नाव रोज आपल्या तोंडी असतं, पुस्तक मात्र कुणी उघडत नाही.

आधी ‘मठवासीयांसाठी’ हा मुद्दा. काही पुस्तकांबद्दल तो खरा आहे, आणि ते मान्य करायला हवं. ‘ख्रिस्तानुकरण’ (इमिटेशन ऑफ क्राइस्ट) हे पुस्तक १५व्या शतकात मठाच्या वातावरणात लिहिलं गेलं. त्याच्या पहिल्या भागातलं एकांत आणि मौनाचं प्रकरण तान्ह्या मुलाच्या आईने जसंच्या तसं उचलायचं नसतं. पण फ्रान्सिस डी सेल्स यांचं ‘भक्तिमय जीवनाचा परिचय’ हे १६०९ सालचं पुस्तक मुळात सल्ल्याच्या पत्रांतून उभं राहिलं, आणि ती पत्रं होती मादाम द शार्मुआझी या विवाहित बाईला. पहिल्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात ते सरळ विचारतात : बिशपने एकांतवासी साधूसारखं राहायचं ठरवलं, संसारी माणसाने भिक्षेवर जगणाऱ्या कापुचिन साधूसारखं काहीच साठवलं नाही, कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसला, तर ती भक्ती हास्यास्पद ठरणार नाही का? सैनिकाच्या तुकडीतून, कारागिराच्या दुकानातून, नवराबायकोच्या घरातून भक्ती हद्दपार करणं याला ते चूक म्हणून थांबत नाहीत, पाखंड म्हणतात.

‘झेपणारे सद्गुण नाहीत’ हा आक्षेप पुस्तकाचा तिसरा भाग न वाचल्याचा पुरावा आहे. सद्गुणांची निवड कशी करायची, याच्यावरच तो भाग सुरू होतो. मोठं धैर्य किंवा भव्य दानशूरपणा दाखवायची वेळ क्वचित येते. सौम्यपणा, संयम, नम्रता मात्र रोजच्या प्रत्येक कामात लागतात. साखर मिठापेक्षा श्रेष्ठ, पण मीठ जास्त वेळा आणि जास्त पदार्थांत लागतं, असं ते लिहितात. निवडीचे दोन नियम देतात. आपल्या आवडीपेक्षा आपल्या कर्तव्याला जो सद्गुण लागतो तो घ्या, आणि आपल्यात जो दोष जोरात आहे त्याच्या उलटचा सद्गुण घ्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. ज्याचा मूळ स्वभावच शांत, तो शांतपणाचाच सराव करत बसतो आणि उधारी मात्र वर्षभर थकवतो. अशा माणसांची चित्रं पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आहेत : एकाचा उपवास कडक, पण जीभ शेजाऱ्याचं रक्त पिणारी; दुसरा शत्रूला क्षमा करतो, पण कोर्टाने लावल्याशिवाय घेणेकऱ्यांचे पैसे देत नाही.

रागाचं उदाहरण घेऊ. बुटीबोरीहून शिफ्ट संपवून घरी आल्यावर पहिला शब्द पोरावर चढतो, असं समजा. तिसऱ्या भागाच्या आठव्या प्रकरणातली पद्धत अशी : डोकं शांत असताना लहानसहान बोलणंही सौम्यपणे करण्याची सवय लावायची, कारण ऐनवेळी नवीन काही सुचत नाही. राग चढतोय हे कळताच लगेच आवरायचा, पण स्वतःशी आदळआपट न करता. जोरजबरदस्तीने मन आणखी ढवळतं. देवाला हाक मारायची. आणि तरी तोल गेलाच, तर त्याच माणसाशी, तेव्हाच्या तेव्हा, सौम्यपणाची एखादी कृती करायची. दुसऱ्या दिवशी चॉकलेट आणून भरपाई करणं ही त्यातली पळवाट आहे.

त्याच भागात ३६व्या प्रकरणात व्यवहाराचं आहे : विकताना महाग, घेताना स्वस्त, हे मनाचं दुहेरी माप. विकताना स्वतःला घेणाऱ्याच्या जागी ठेवा आणि घेताना विकणाऱ्याच्या. कळमन्याच्या मार्केटात संत्र्यांचा भाव पाडून मागताना हे आठवावं. मठात बसून असं प्रकरण कोण लिहील?

देह झिजवण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. एखाद्या दिवशी गरजेचं काम आणि ऐच्छिक उपवास यांत ओढाताण झाली, तर कामाचा त्रास पत्करा, असं ते सांगतात. मुद्दाम वाईटात वाईट पदार्थ निवडण्यापेक्षा पुढ्यात येईल ते निवड न करता खाणं त्यांना मोठं वाटतं. चर्चचा आजचा नियमही राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच उपवास बंधनकारक करतो, तेही १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. मार्च-एप्रिलच्या नागपुरी उन्हात रोज निर्जळी करणं कुठल्याच पानावर नाही.

‘अन्याय मुकाट सोसा’ हा आरोप मात्र गंभीर आहे, कारण या पुस्तकांचा असा वापर खरंच होतो. सहनशीलतेच्या प्रकरणात काय आहे ते पाहा. संकट आलं तर देवाला मान्य असतील ते सगळे उपाय करा. न करणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. उपाय करून झाल्यावर जो निकाल येईल तो धीराने घ्या. आजारात डॉक्टरचं ऐका, औषध घ्या. खोटा आळ आला तर शांतपणे तो नाकारा; सत्याचं आपण तेवढं देणं लागतो. नवऱ्याची मारहाण सहन करणाऱ्या बाईपुढे हे प्रकरण ‘सोस’ म्हणून धरणं हा त्या पानावर अन्याय आहे आणि त्या बाईवर त्याहून मोठा. तिला आधी सुरक्षित जागा, पोलीस आणि वकील हवेत, आणि हे उपायांतच बसतं.

स्वतःला तुच्छ म्हणवून घेण्याचीही त्यांना चीड आहे : आपण स्वतःला कस्पट म्हणतो, पण कुणी ते खरं मानलं तर रुसतो. मनात नसेल तर नम्रतेचे शब्द उच्चारूच नयेत. चूक झाल्यावर स्वतःवर चरफडण्यापेक्षा मनाला मायेने समजवावं, यावर एक अख्खं प्रकरण आहे.

राहिला तास. तो ते मागतात, शक्यतो सकाळी, जेवणाआधी. सकाळ हुकली तर दुपारी, पण जेवल्या-जेवल्या नाही, कारण झोप येते. अख्खा दिवस हुकला तर दिवसभर छोट्या प्रार्थना, थोडं वाचन, आणि उद्या पुन्हा सुरुवात. क्षणभराच्या या प्रार्थना बाकी सगळ्या प्रार्थनांची उणीव भरून काढू शकतात, असंही ते म्हणतात. चिंतनाचा क्रम ठरलेला आहे : देवाच्या सान्निध्यात मन आणणं, त्याच्याकडे मदत मागणं, विषयाचे दोन-तीन मुद्दे, त्यातून उठलेली भावना, निश्चय, शेवटी आभार, अर्पण आणि मागणं. फसगत होते ती निश्चयापाशी. ‘मी क्षमाशील होईन’ हा निश्चय संध्याकाळपर्यंत टिकत नाही. त्यांचा नमुना असा : अमका शेजारी अमकं टोचून बोलेल तेव्हा मी दुखावून घेणार नाही, उलट त्याला असं उत्तर देईन. माणूस, प्रसंग आणि शब्द तिन्ही आधी ठरलेले असतात.

हा निश्चय तपासायला जेजुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची पद्धत वहीच्या एका पानात बसते. दोष एकच घ्या. सकाळी उठताच तो टाळायचं ठरवा. दुपारच्या जेवणानंतर तास-तास आठवून, जितक्यांदा घडला तितके ठिपके पहिल्या ओळीत द्या. रात्रीच्या जेवणानंतर तसेच दुसऱ्या ओळीत. मग दुपारशी रात्र, कालशी आज, मागच्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहा. रात्रपाळी असेल तर वेळा पाळीप्रमाणे सरकवा, ओळी दोनच ठेवा. एकदम चार दोष घेतले की ठिपके कशाचे ते कळेनासं होतं आणि आठवड्यात वही कपाटात जाते.